बिनहाताची खुर्ची

आमच्या घरी लाकडाची एकच खुर्ची आहे. तिला हात नाहीत. पाठ ताठ, बसणाऱ्याने जरा मागे रेलायचे म्हटले तरी ती रेलू देत नाही. पाठीच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाने १७ हा आकडा लिहिलेला आहे. एका शाळेने जुने सामान लिलावात काढले तेव्हा बाबांनी ती दीडशे रुपयांना घेतली. ते २०१२ साल. मी त्या वर्षी पहिलीत गेले होते, म्हणून साल पक्के लक्षात आहे.

बाबांनी ती सायकलच्या कॅरिअरवर उलटी बांधून आणली. चारही पाय आभाळाकडे. लाखनी-साकोलीच्या मोठ्या रस्त्यापासून आमचे गाव चार किलोमीटर आत आहे. त्या चार किलोमीटरांत जो भेटला त्याने एकच विचारले, "का जी, सरपंच झाले का?"

विचारणाऱ्याचेही चुकले नाही. मराठीत खुर्ची म्हणजे नुसते बसायचे लाकूड नव्हे. खुर्चीसाठी भांडण होते, खुर्ची जाते, खुर्ची सुटत नाही. पण असे आपण बोलतो तेव्हा डोळ्यांपुढे येते ती गादीची, दोन्ही हातांची, रुंद खुर्ची. बिनहाताच्या खुर्चीसाठी कुणी पक्ष सोडल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

खुर्ची सपरीत ठेवली गेली. आजीने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "कोन बसन रे तिच्यावर?" बाबा काही बोलले नाहीत. प्रश्न तसाच राहिला. पुढे कितीतरी वर्षे घरातले असे कुणी तिच्यावर बसलेच नाही. गुरुजी आले की खुर्ची पुसायची. ग्रामसेवक, आशाताई, बचत गटाच्या मॅडम, ताईच्या शाळेतल्या बाई, सर्वांसाठी खुर्ची. आम्ही खाटेवर नाहीतर खाली. बाबा मात्र सपरीच्या उंबऱ्याशी, खांबाला पाठ लावून.

गंमत अशी की त्याच खुर्चीवर उभे राहायला बाबांना कधी संकोच वाटला नाही. दिवा बदलायचा आहे, कवेलू सरकले आहे, पाटावरचे बी-बियाण्याचे गाठोडे काढायचे आहे, की बाबा चटकन खुर्ची ओढत आणि तिच्यावर चढत. काम झाले की उतरत, पंचाने बैठक पुसत आणि खुर्ची जागेवर ठेवून खाली बसत. उभे राहणे हे काम होते. बसणे म्हणजे काय होते, ते मला आजीकडून कळले.

आमचे आजोबा गावच्या वाड्यात सालाने राहिले होते. हा सगळा मुलूख एके काळी मालगुजारांचा. १९५१ साली मालगुजारी कायद्याने संपली, तलाव सरकारजमा झाले आणि लोक त्यांना अजून मामा तलाव म्हणतात. 'माजी मालगुजारी'तली पहिली दोन अक्षरे घेऊन झालेला हा मामा. कायदा झाला म्हणून वाड्याची पायरी काही एका दिवसात खाली आली नाही. आजोबा कामाला लागले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, पण त्यांची बसायची जागा ठरलेली होती : ओट्याची खालची पायरी. वर ओट्यावर मालकांची आरामखुर्ची असे. तिचे हात इतके लांब की मालक दुपारी त्यांच्यावर पाय टाकून पडत. आजी सांगते, "आमी पायरीवर बसून बोलू, तं डोऱ्यापुढं मालकाचे तळवेच दिसत." हे सांगताना ती रागावत नाही. हसते. मला हसता येत नाही.

बारावीच्या सुटीत मी बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चा अनुवाद वाचला. शाळेत त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा गडीही त्याला शिवत नसे. हेच बाबासाहेब १९५४ साली आमच्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून मी पुष्कळ वेळ बसले होते. कुणी कशावर बसायचे हा आपल्या देशात लाकूडकामाचा प्रश्न कधीच नव्हता.

आपल्याच देशात कशाला? कॉलेजच्या ग्रंथालयात आणि मोबाइलवर मी खुर्चीविषयी जे मिळेल ते वाचले. 'खुर्ची' हा शब्दच मुळी बाहेरून आला. अरबीतला 'कुर्सी', फारसीतून आपल्याकडे. जुन्या काळी युरोपातही हातांची खुर्ची घरधन्याची असे. बाकीचे बाकांवर आणि स्टुलांवर. इंग्रजीत सभेच्या अध्यक्षाला 'चेअरमन' म्हणतात त्याचे मूळ तिथेच आहे. बिनहाताच्या, पाठीच्या खुर्च्या सोळाव्या-सतराव्या शतकात तिकडे वाढल्या. त्या काळच्या श्रीमंत बायकांच्या फुगीर घागऱ्यांना हातांची अडचण होई, असे त्या खुर्च्यांच्या एका प्रकाराविषयी पुढच्या लोकांनी म्हटले आणि त्या घागऱ्याचेच नाव त्यांना दिले.

मग १८५९ मध्ये मायकेल थोनेट याने वाफेने वाकवलेल्या बीच लाकडाची एक खुर्ची काढली. तिला हात नव्हते. सहा लाकडे, दहा स्क्रू, दोन नट, एवढ्यात खुर्ची तयार. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक मीटर लांब-रुंद-उंच अशा एका खोक्यात मावत. १९३० पर्यंत तसल्या पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या म्हणतात. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांत अजून दिसतात त्या वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या. हात काढून टाकले म्हणून खुर्ची स्वस्त झाली, हलकी झाली, दूर जाऊ शकली. चहा पिणाऱ्या कोणत्याही माणसाला ती बसू देऊ लागली. हे वाचून मला आमच्या सतरा नंबरविषयी पहिल्यांदा अभिमान वाटला.

उलट प्लास्टिकची कथा. १९७२ मध्ये हेन्री मासोने या फ्रेंच माणसाने एकाच साच्यातून, दोन मिनिटांच्या आत बाहेर पडणारी प्लास्टिकची खुर्ची बनवली. तिला हात होते. आज आमच्या गावात तेरवी असो की बारसे, ग्रामसभा असो की मंडईतले नाटक, मांडवात दिसतात त्या तिच्याच नाती. प्लास्टिकने हात स्वस्त करून टाकले. जे पूर्वी मालकाला होते ते मांडवात येणाऱ्या सगळ्यांना मिळाले. आमच्याकडेही एक लाल खुर्ची आली होती. दोन उन्हाळे अंगणात राहिली आणि एका दुपारी मामांना घेऊन बसली. मामांना लागले नाही. पण ते अजून आमच्याकडे आले की आधी खाट हलवून पाहतात.

असो. सतरा नंबरचे नशीब उघडले ते २०१६ मध्ये. आईने बचत गटातून कर्ज काढून पायमशीन घेतली. आधी ती खाली पाटावर बसून हाताने काज-बटण करी, रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांध्यांत पऱ्हे लावायला जाई. मशीन आली आणि तिच्यासमोर बसायला काय, हा प्रश्न पडला. पायमशीनला खाली बसून चालत नाही. आईने इकडे-तिकडे पाहिले, सपरीतली खुर्ची उचलली आणि मशीनपुढे ठेवली. कुणाला विचारले नाही. आजी नुसती बघत राहिली. बाबा म्हणाले, "पाव्हना आला तं?" आई म्हणाली, "आला तं उठीन."

तेव्हा मला कळले की बिनहाताची खुर्ची ही काही अर्धवट राहिलेली खुर्ची नव्हे. शिवणाऱ्या बाईची दोन्ही कोपरे मोकळी लागतात. उजव्या हाताने चाक फिरवायचे, डाव्याने कापड पुढे सरकवायचे, मध्येच वाकून बॉबिन काढायची. खुर्चीला हात असते तर दर टाक्याला कोपर आपटले असते. टंकलेखन करणारा, पेटी वाजवणारा, भाजी चिरणारी, बाळाला पाजणारी, या सगळ्यांना हात नसलेलीच खुर्ची सोयीची. हातांची खुर्ची ही हात टेकवण्यासाठी असते. ज्यांचे हात दिवसभर रिकामे नसतात त्यांना ते टेकवायला जागा कशाला हवी?

आणखी एक सोय आहे, ती पुस्तकात कुठे सापडली नाही. बिनहाताच्या खुर्चीवर मांडी घालता येते. आजीला पाय लोंबकळत ठेवून बसणे जमत नाही. तिच्या पायांना मुंग्या येतात. दुपारी आई जेवायला उठली की ती हळूच येते, दोन्ही पाय वर घेते, मांडी घालते आणि ताठ पाठीला पाठ लावून अंगणाकडे पाहत बसते. गुडघे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले असतात. जमिनीवरचे आपले बसणे तिने तसेच उचलून दीड फूट वर नेले आहे.

रात्री खुर्ची माझी. बसायला नव्हे; मी खाली मांडी घालते आणि खुर्चीच्या बैठकीवर वही ठेवते. दहावी, बारावी आणि बी.ए.चे पहिले वर्ष मी या टेबलावर काढले आहे. बैठकीच्या फळ्यांत एक फट आहे. तिच्यात पेन अडकते आणि अक्षर तिथे हटकून मोडते. माझ्या जुन्या वह्यांत ही फट अजून वाचता येईल.

हे सगळे चांगले आहे. पण एक दिवस त्याच खुर्चीचा मला राग आला होता, तोही सांगितला पाहिजे.

२०२२ साली तुळशीचे लग्न झाल्यावर ताईला पाहायला लोक आले. शेजारून चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. त्यांवर पाहुणे बसले. मशीनपुढची खुर्ची आईने ओल्या फडक्याने पुसली आणि मधोमध ठेवली. ताई पोह्यांच्या बश्या देऊन तिच्यावर येऊन बसली. समोरच्या चारही माणसांचे हात खुर्च्यांच्या हातांवर पसरलेले. ताईने आपले हात आधी मांडीवर ठेवले, मग बैठकीच्या कडेला धरले, मग पदरात घेतले. "शिक्षण किती?" "स्वयंपाक येते का?" "जरा चालून दाखव बाई." ती उठली, चालली, परत येऊन बसली आणि हात पुन्हा कुठे ठेवावे या विचारात पडली. मी दाराआडून पाहत होते. चौघांच्या मधोमध त्या ताठ पाठीमुळे ती परीक्षेला बसल्यासारखी दिसत होती. रात्री मी विचारले, काय वाटले? ताई म्हणाली, "काही नाही. हात कुठं ठेवू तेच समजेना."

लग्न जमले. बोलणीत सोफ्याचा विषय निघाला. हुंडा कुणी मागितला नाही. हुंडा वाईट असतो हे आता सर्वांना माहीत आहे. "आमचं काही मागणं नाही जी, आंदनात कपाट, पलंग नं सोफा तं सगळेच देतात." धानाच्या चुकाऱ्याचे पैसे आले होते, त्यात दोन बोकड विकले आणि तीन माणसांचा एक व एकेका माणसाचे दोन असा सोफा साकोलीहून नेला. त्याचे हात इतके जाड की ताईच्या सासरी तो दारातून आत जाईना. शेवटी दाराची चौकट काढावी लागली. ते पाहताना मला वाटले, प्लास्टिकने हातांची किंमत घालवली म्हणून लोकांनी हे नवे, गुबगुबीत हात शोधून काढले असावेत. परवा मी ताईकडे गेले होते. सोफ्यावर अजून दुकानातले प्लास्टिक आहे. ताई त्याच्या पायथ्याशी खाली बसून तांदूळ निवडत होती.

ताईच्या लग्नानंतर दोन वर्षांनी मी कॉलेजात आले. प्रवेशाच्या दिवशी बाबा सोबत होते. कार्यालयात टेबलापलीकडे हातांची फिरती खुर्ची, अलीकडे दोन बिनहाताच्या. टेबलापलीकडचे गृहस्थ चांगले होते. म्हणाले, "बसा ना." मी बसले. बाबा म्हणाले, "नाही जी, बरा आहो मी." ते परत एकदा म्हणाले. बाबांनी परत नाही म्हटले. अर्ज भरून होईपर्यंत, पाऊण तास, बाबा माझ्या मागे उभे होते. शेजारची खुर्ची रिकामी. मला लाज वाटली. लिहितानाही वाटते आहे, पण खरे ते लिहिले पाहिजे : मला त्या रिकाम्या खुर्चीची नव्हे, बाबांची लाज वाटली होती. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यापाशी आले तेव्हा मी मागे वळून पाहिले. बाबांनी माझ्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. बोटांची पेरे पांढरी झाली होती. ती पाठ सरळ आणि उंच होती म्हणून त्यांना धरायला काही तरी मिळाले होते. मी 'शेतमजुरी' लिहिले.

यंदा दिवाळीनंतर मामांनी माझ्यासाठी एक स्थळ आणले. मी आईला म्हटले, मला बी.ए. पुरे करायचे आहे, पुढे बी.एड. करायचे आहे. आई म्हणाली, "कोन नाही म्हनते? पाहून जातील. पाहिल्यानं का लगन होते?" ताईच्या वेळीही हेच वाक्य होते. मी गप्प राहिले.

ते लोक ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच आले. मुलाला दुसऱ्या दिवशी सुटी नव्हती म्हणे. शेजारी कुलूप होते, तेव्हा उसन्या खुर्च्याही मिळाल्या नाहीत. तिघे जण खाटेवर दाटीवाटीने बसले. आई मशीनवर होती. लग्नसराईचे ब्लाऊज, सात संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. मी चहा घेऊन बाहेर आले. बाबांनी आईकडे पाहिले, म्हणजे खुर्ची दे, अशा अर्थाने. आईने मशीन थांबवली. मला वाटले, उठणार. 'आला तं उठीन' हे तिचेच वाक्य होते. ती थोडा वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "माय हात गुतले आहेत जी. तुमीच जरा सरका, पोरगी बसन तिथं." आणि मशीन पुन्हा सुरू केली.

खाटेवरचे तिघे एकमेकांकडे पाहू लागले. त्यातले वडीलधारे गृहस्थ सरकले. मी त्यांच्या शेजारी बसले. एका रांगेत बसल्यावर माणसाला नीट पाहता येत नाही. ते मान वळवून प्रश्न विचारत, मीही मान वळवून उत्तर देई, आणि मध्येच मशीन इतकी जोरात चाले की त्यांना प्रश्न परत विचारावा लागे. चालून दाखव असे कुणी म्हटले नाही. जाताना "कळवतो" म्हणाले. अजून कळवलेले नाही. मामा रुसले आहेत. आजीच्या मते आईने पाव्हन्यांचा मान ठेवला नाही. बाबा त्या विषयावर काहीच बोललेले नाहीत.

पण गेल्या महिन्यात त्यांनी पडलेल्या गोठ्यातला सागाचा एक खांब काढला, वसुल्याने साफ केला आणि सुतारकाकांना बोलावले. काकांनी सतरा नंबर उलटी करून पाहिली. मागचे पाय आणि पाठीचे दांडे एकाच अखंड लाकडाचे आहेत, म्हणून ती इतकी वर्षे टिकली, असे त्यांनी दाखवले. मग विचारले, "नवीला हात लावाचे का?" खांबात तेवढे लाकूड निघत होते. आई मशीनवरूनच म्हणाली, "नको जी, अडते." काका म्हणाले, "अन् उंची? कोनाच्या मापानं करू?" खुर्ची करायची तर बसणाऱ्याच्या गुडघ्याखालचे माप घ्यावे लागते, हे मला त्या दिवशी समजले.

बाबा उंबऱ्याशी खांबाला टेकून बसले होते. काकांनी टेप काढला, माझ्याकडे पाहिले, आजीकडे पाहिले. बाबांनी एकदम पाय लांब केला आणि परत जवळ घेतला. "करा दीड फूट," ते म्हणाले, "सगळ्याईले होते."

लग्नसराई आहे, काकांना पलंगांच्या कामातून सवड नाही. लाकूड सपरीच्या भिंतीला उभे आहे. आजीने त्याला दोरी बांधून तिच्यावर लुगडे वाळत घातले आहे.